रोकडेकाकांचा ताप

रोकडेकाकांना माझं लिहिणं आवडायचं नाही, आणि ते तोंडावर तसं सांगायचे. तरी मी लिहिलेल्या प्रत्येक पत्रकाची घडी त्यांनीच घातली.

ऐंशीच्या दशकात वॉटफर्डमध्ये आमचा एक लहानसा गट होता. कातडीचा रंग बघून 'खोली गेली' म्हणणारे घरमालक, शाळेबाहेर आपल्या पोरांना गाठणारी टोळकी, आणि हॉलमध्ये आडनाव विचारून मग खुर्ची दाखवणारे आपलेच लोक, ह्या सगळ्यांविरुद्ध आम्ही पत्रकं काढायचो. लिहायची मी. तेव्हा मी विशीत होते आणि जगातला प्रत्येक अन्याय एका पानात मावतो अशी माझी खात्री होती. अजूनही थोडी आहे.

छापलेले कागद पिशवीत भरून मी रोकडेकाकांच्या घरी न्यायची. काकांचं अख्खं आयुष्य वॉटफर्डच्या एका छापखान्याच्या बाइंडरीत गेलं होतं. छापखान्याने माणसं कमी केली तेव्हा ते रिटायर झाले, पण हात काही रिटायर झाले नव्हते. किचनच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर कागद, आणि उजव्या हातात हाडाची एक गुळगुळीत पट्टी. कागद दुमडला, पट्टी फिरली, झाली घडी. आम्ही चौघं मिळून त्यांच्या निम्म्या वेगाने जायचो.

घडी घालता घालता ते वाचायचे. म्हणजे मोठ्याने.

"पुढारीणबाई, ह्या एका पानात उद्गारचिन्हं किती? वाचणाऱ्याला ओरडल्यासारखं वाटतं."

"ओरडायचंच आहे, काका."

"मग कौन्सिलच्या दारात उभी राहून ओरड. कागद कशाला नासवतेस?"

दुसरी तक्रार 'आम्ही' ह्या शब्दाची. "आम्ही म्हणजे कोण गं? तू आणि तुमच्या गटातला तो दाढीवाला? की मीसुद्धा? मला विचारलं नाहीस ते."

मी चिडायची. मुक्ताकाकू चहा ठेवत म्हणायच्या, "त्यांच्याकडे लक्ष नको देऊस, सुजाता. लग्नपत्रिकेत पण चुका काढल्या होत्या त्यांनी. स्वतःच्या."

दिसायला काका काही खास नव्हते. बुटके, काळे, रुंद खांद्यांचे, उन्हाळ्यातही स्वेटर. चालताना किंचित पुढे झुकायचे, पाठीवर ओझं असल्यासारखे. 'जय भीम' म्हणायचे ते मात्र ताठ उभं राहून, भर हायस्ट्रीटवर, रस्त्याच्या त्या बाजूचा माणूस वळून बघेल अशा आवाजात.

त्यांचा ताठपणा मी एकदा डोळ्यांनी बघितला. लंडनमधल्या एका दिवाळीच्या कार्यक्रमाला आमचा गट पत्रकं वाटायला गेला होता. पैठणीतल्या एका बाईंनी काकांना फार गोड आवाजात विचारलं, "रोकडे म्हणजे कुठले हो तुम्ही?"

"वॉटफर्डचे."

"नाही, तसं नाही. मूळचे?"

"साताऱ्याकडचे."

"अगंबाई! साताऱ्यात कुठे? आमचं पण तिकडेच…"

"गावाच्या बाहेर," काका म्हणाले. "ओढ्याच्या पलीकडे. तुम्ही जे विचारताय ते तेच, बाई. उगाच लांबून येऊ नका, दमाल."

बाई खरंच दमल्या. चकलीची प्लेट घेऊन दुसरीकडे गेल्या. काकांनी शांतपणे स्वतःची प्लेट भरून घेतली, दोनदा. असा माणूस.

आणि ह्याच माणसाच्या शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी, कायम एक थर्मामीटर असायचा.

काचेचा, पाऱ्याचा, प्लास्टिकच्या नळीत घातलेला. ज्या घरात लहान मूल असेल त्या घराची बेल काका लगेच वाजवायचे नाहीत. पायरीवर उभे राहायचे, थर्मामीटर जिभेखाली ठेवायचे, मग काढून उजेडात धरायचे, झटकायचे, नळीत घालायचे आणि मग बेल. पाऊस असला तर छत्रीखाली. आमच्या विहारातल्या बायका पडद्याआडून बघून हसायच्या. "आले रोकडे. पारा बघतायत." समोरच्या इंग्रज म्हातारीने एकदा मला काळजीने विचारलं, ते गृहस्थ तुमच्या लोकांच्या दारात सिगार ओढतात का?

मीही हसायची. मला वाटायचं, म्हातारपणाचं खूळ. काकू एकदाच बोलून गेल्या. "लग्न झाल्यापासून बघतेय, ह्या माणसाला एकदासुद्धा ताप आलेला नाही. सर्दी, खोकला, कंबर, सगळं झालं. ताप नाही. पण भीती बघ. हे सगळं इटलीहून आणलंय त्यांनी. इटली म्हणजे माझी सवत आहे बाई."

काका लढाईत इटलीत होते एवढं आम्हाला माहीत होतं. ते त्यावर बोलायचे नाहीत आणि आम्ही विचारलं नव्हतं. आम्हाला आमच्या लढाया पुरत होत्या.

विचारलं ते मी, आणि तेही स्वार्थाने. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. टीव्हीवर सारखे लढाईचे कार्यक्रम, म्हाताऱ्या गोऱ्या शिपायांच्या छातीवर पदकं, आणि आपल्या माणसांचं नाव नाही. मी तापले. 'विसरलेले शिपाई' म्हणून एक लांबलचक पत्रक लिहिलं आणि काकांच्या टेबलावर नेऊन टाकलं. हिंदुस्तानी शिपाई इटलीच्या डोंगरात खांद्याला खांदा लावून कसे लढले, गोऱ्यांनी त्यांना कसं पुसून टाकलं, वगैरे.

काकांनी सगळं वाचलं. घडी घातली नाही.

"ह्यात सगळे भाऊभाऊ आहेत," ते म्हणाले.

"मग नव्हते का?"

"मुक्ता, हिला चहा दे. आणि मलाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते आहे, आठवेल तसं.

"मी पायोनियर कंपनीत होतो. पायोनियर म्हणजे हातात बंदूक कमी, फावडं जास्त. रस्ता कर, ओझं वाहा, खेचरं हाक. हिवाळ्यात आम्हाला एका डोंगरावरच्या गावात ठेवलं. रोक्कासोल्वा. एवढंसं गाव, दगडी घरं, एक बुरूज, त्याचा वरचा भाग तोफेने उडालेला. पहिल्या दिवशी बघतो तर काय, बायका डोक्यावर तांब्याचे हंडे घेऊन चाललेल्या! आपल्याकडच्यासारखेच, फक्त कमरेत बारीक. मला वाटलं, मी मेलो आणि गावाला पोचलो.

"असुन्ता म्हणून एक बाई होती. नवरा लढाईत गेलेला. दोन मुली, एक मोठी, एक अशी छोटी, लुचिया. वरच्या झऱ्याची वाट निसरडी, त्यात तोफांचे गोळे पडायचे. मी तिचा हंडा एकदोनदा भरून आणून दिला. तिने घरात बोलावलं. चुलीपाशी हंडा ठेवला. त्यावर एक पळी टांगलेली. लांब दांड्याची, तांब्याची. त्या घरात सगळे त्याच पळीने पाणी प्यायचे. आई प्यायली, पोरगी प्यायली, आणि मग ती पळी बुडवून तिने माझ्यापुढे धरली.

"मी बावीस वर्षांचा होतो, सुजाता. दुसऱ्याच्या घरात जाऊन, त्यांच्या भांड्याला तोंड लावून पाणी, हे आयुष्यात पहिल्यांदा. अर्धं पाणी अंगावर सांडलं. छोटी हसली. मग रोज जायला लागलो. तहान नसली तरी."

काकांनी चहाचा घोट घेतला. पुढचं ते भिंतीकडे बघून बोलले.

"एक दिवस लढाऊ पलटणीतले चौघे आले पाणी मागायला. आपलेच, मराठी बोलणारे. मला तिथे बघून खूश झाले. कुठला रे, म्हणाले. गाव सांगितलं. आडनाव सांगितलं. एकाला गाव माहीत होतं. झालं. त्याने हातातली पळी खाली टाकली. दुसऱ्याने चुलीतली राख घेतली आणि पळी घासायला लागला, असुन्ताच्याच घरात. माझ्याकडे बोट, तोंड वाकडं, हाताने खुणा, ह्याला शिवू देऊ नका. ती बाई घाबरली. तिला काय कळणार? तिने विचारलं, 'मालातो?' आजारी आहे का? हा शब्द सगळ्यांना येत होता. दवाखान्याच्या तंबूवर लिहिलेला असायचा. चौघांनी एकमेकांकडे बघितलं. आणि त्यातला एक म्हणाला, 'हां, हां. मालातो.'"

काकू सिंकपाशी पाठ करून उभ्या होत्या. त्यांना हे ठाऊक होतं.

"दुसऱ्या दिवशी गेलो. तिने दार लावलं नाही. पायरीवर थांबवलं, आतून पाणी आणलं आणि वरून माझ्या ओंजळीत ओतलं. हे बघ, गावात वरून पाणी ओतायचे तेव्हा शिव्या असायच्या. हिच्या डोळ्यांत दया होती. शिव्या बऱ्या. मी म्हणालो, 'नो मालातो, नो मालातो.' आजारी माणूस असंच म्हणतो ना?

"आणि मग छोटी आजारी पडली. जुलाब, ताप. गेली. आम्ही खाली रस्ता खणत होतो, तिथून पेटी नेली. एवढीशी पेटी. असुन्ता मागे चालत होती. तिने मला बघितलं आणि ती थांबली. शिवी नाही, रडणं नाही. नुसती बघत राहिली. मागच्या लोकांनी तिला पुढे नेलं. चार दिवसांनी आमची कंपनी हलली.

"मला ताप नव्हता. तिला एवढं सांगायचं राहिलं."

मी काय केलं असेन? मी उभी राहून भाषण केलं. जात बोटीत बसून इटलीला गेली, आणि त्या चौघांनी तिचं एका शब्दात भाषांतर केलं, आणि ह्यावर पत्रक नाही तर पुस्तक निघालं पाहिजे, असं बरंच. काका ऐकत होते. शेवटी म्हणाले, "झालं? आता तिकिटाचं बघ. मला जायचंय. सांगायचंय तिला."

वसंतात आम्ही दोघं गेलो. काकू आल्या नाहीत. "सवतीच्या घरी मी कशाला?"

रोक्कासोल्व्यात बस आम्हाला सोडून खाली निघून गेली आणि मग काहीही आवाज राहिला नाही. इतकं गप्प गाव मी पाहिलं नव्हतं. खिडक्यांच्या लाकडी झडपा बंद. एका गल्लीत कपडे वाळत होते, बाकी गल्ल्यांत दोऱ्या नुसत्याच बांधलेल्या. बुरुजाचा वरचा भाग नव्या दगडाने पुरा केला होता, त्याचा रंग खालच्याशी जुळत नव्हता. काका न चुकता वळणं घेत होते. एका दाराशी थांबले. दाराला कुलूप, कुलपाला गंज, पायरीच्या फटीत गवत. त्या पायरीकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. त्यावर पाय ठेवला नाही.

चौकात कॉफीच्या दुकानाबाहेर एक म्हातारा बसला होता. माझं फोडणीचं इटालियन ऐकून त्याने इंग्लिशमध्ये विचारलं, "कुठून आलात?"

"वॉटफर्ड."

"वॉटफर्ड! चांगली फुटबॉल टीम. मी बेडफर्डला होतो. वीटभट्टीत. सगळं गाव बेडफर्डला आहे."

मला वाटलं थट्टा करतोय. पण नीनो खरं सांगत होता. लढाईनंतर गावात खायला नव्हतं. बेडफर्डच्या वीटभट्ट्यांना माणसं हवी होती. एक गेला, त्याने भाऊ नेला, भावाने मेहुणा. ऑगस्टमध्ये जत्रेला सगळे येतात, म्हणाला, तेव्हा गाव भरतं. बाकी वर्षभर तो, त्याची बायको, आणखी थोडे म्हातारे आणि मांजरं.

नीनोकडे म्युझियमची किल्ली होती. जुन्या शाळेत त्यांनी गावाचा वारसा मांडला होता. नांगर, माग, मेंढ्यांच्या घंटा, आणि भिंतीलगत तांब्याचे हंडे, ओळीने, बारीक कमरेचे. प्रत्येक हंड्याला त्याची पळी. खाली ज्या घरातून आला त्या घराचं नाव. माणसं गेली की त्यांच्या भांड्यांना वारसा म्हणतात, हे मी तिथे शिकले.

काका हंड्यांपुढून सावकाश चालत गेले आणि एका ठिकाणी थांबले. "हा," म्हणाले.

नीनोने नाव वाचलं. असुन्ताचं घर. असुन्ता वारली, म्हणाला, वर कबरस्तानात आहे. थोरली रोसा बेडफर्डला. हा हंडा तिनेच दिला.

मला हसू आलं, आणि लगेच थांबलं. बेडफर्ड वॉटफर्डपासून तासाभरावर आहे. इतकी वर्षं.

कबरस्तान गावापेक्षा मोठं होतं आणि जास्त स्वच्छ. असुन्ताच्या दगडाशेजारी एक छोटा दगड, त्यावर चिनी मातीच्या अंडाकृती तुकड्यावर मुलीचा फोटो. सहासात वर्षांची, केसांत मोठी रिबिन, हसू दाबलेलं. काकांनी स्वेटरची बटणं लावली आणि हात जोडले.

नीनो माझ्या कानाशी म्हणाला, "त्या हिवाळ्यात गेली. हिंदी शिपायाचा ताप लागला. सगळे सांगतात."

मी तोंड उघडलं. मी तिथेच, थडग्यांमध्ये, त्याला जातिव्यवस्था समजावून सांगणार होते. काकांनी न वळता हात वर केला.

"त्याला नको," ते म्हणाले. "रोसाला सांगेन. तिच्या आईला सांगायचं होतं ते तिने ऐकायला हवं."

चौकात येताना लढाईत मेलेल्यांचा दगड लागला. गावातली नावं होती, आमचं एकही नाही. मी नीनोशी भांडले, इथे हिंदुस्तानी शिपायांची पाटी पाहिजे म्हणून. तो म्हणाला, तुम्ही लोक आलात, गेलात, आम्हाला नावं कुठे माहीत होती? मी म्हटलं, मग विचारायची होती. काका बसच्या खांबाला टेकून उभे होते. "माझं नाव नको हं त्यात," म्हणाले. "आधी ते तापाचं मिटू दे."

परत आल्यावर काकूंनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "तिकडे डोंगर चढून आलात, आणि ती बाई इथे, ट्रेनच्या वाटेवर."

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही बेडफर्डला गेलो. नीनोने पत्ता दिला होता. काकांनी आदल्या दिवशी केस कापून घेतले होते. ट्रेनमध्ये ते इंग्लिश वाक्यं जुळवत होते, पुटपुटत. मी म्हटलं, अडलं तर मी आहे. "तू फक्त शेजारी बस," ते म्हणाले. "उद्गारचिन्हं नकोत."

विटांचं जोडघर, पुढे टोमॅटोची रोपं. रोसाबाई साठीच्या, जाड, पांढरे केस आवळून बांधलेले. नीनोने फोनवर सांगून ठेवलं होतं की रोक्कासोल्व्यात राहिलेला एक हिंदी शिपाई येतोय. कोण, ते सांगितलं नव्हतं. त्यालाच माहीत नव्हतं. त्यांनी आम्हाला आत घेतलं, कॉफी दिली, बदामाची बिस्किटं दिली. भिंतीवर बुरुजाचं चित्र होतं, वरचा भाग उडण्यापूर्वीचं. त्यांचं इंग्लिश बेडफर्डचं, हेल तिकडचा.

काका म्हणाले, "तुमच्या आईचा हंडा मी भरून आणायचो."

रोसाबाईंच्या हातातली बशी तशीच राहिली. त्यांनी काकांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तो तू? आजारी होता तो?"

काका बोलणार, तेवढ्यात त्यांनीच बोलायला सुरुवात केली. फार वेगाने, आणि मध्येच हळू. माझ्या मुलांनासुद्धा मी हे सांगितलेलं नाही, म्हणाल्या. मी सतरा वर्षांची होते. पाणी आणायचं काम माझं. वरच्या झऱ्यावर शिपाई उभे असायचे, मला त्यांची भीती वाटायची, गोळ्यांची भीती वाटायची. खालच्या वेशीपाशी टाकं होतं. जर्मनांनी जाताना त्यात मेलेलं खेचर टाकलं होतं असं म्हणत होते. तिथलं पाणी कुणी घेऊ नये असा हुकूम होता. पण मला वरून पाणी स्वच्छ दिसलं. मी एकदाच भरलं. एकदाच. घरी सांगितलं वरच्या झऱ्याचं आणलं. आठवड्याने लुचियाला ताप आला.

"आई म्हणाली, तो हिंदी शिपाई आजारी होता, त्याच्याच लोकांनी सांगितलं, त्याच्याकडून आलं. मी आईच्या गळ्यात पडून रडले. आईला वाटलं लुचियासाठी." त्यांनी बशी खाली ठेवली. "आई गेली तरी मी तिला सांगितलं नाही. मी रोज म्हणते, तो शिपाई होता, तो शिपाई होता. आता तू इथे आहेस. खरं सांग. तू आजारी होतास ना?"

खोलीत घड्याळ होतं. बाहेर कुणीतरी गवत कापत होतं.

मी काकांकडे बघत होते. मला त्यांचं वाक्य पाठ होतं. त्या वाक्यासाठी ते पंचेचाळीस वर्षं थांबले होते. त्या वाक्यामागे ते चौघे होते, राख होती, ओंजळ होती, आणि कितीतरी पायऱ्यांवर, छत्रीखाली, जिभेखाली धरलेली ती काच.

"होय," काका म्हणाले. "ताप होता मला. थोडा."

"काका!" मी मराठीत ओरडले. "खोटं का बोलताय?"

"गप बस."

"सांगा त्यांना! ते काय म्हणाले, का म्हणाले, ते सांगा! नाहीतर मी…"

"सुजाता." त्यांनी माझ्याकडे बघितलं. तसं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. मी मागे टेकले.

रोसाबाईंना आमचं भांडण कळलं नाही. त्या काकांकडेच बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा सैल पडत चालला होता, सुजेवरचा फडका सोडल्यासारखा. मला वाटलं त्या आता आभार मानतील. त्या उठून उभ्या राहिल्या आणि रागाने म्हणाल्या, "मग आमच्या घरात का आलास? ताप होता तर का आलास? घरात लहान मूल होतं. तुला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं," काका म्हणाले. "मला यायला नको होतं."

"आईने तुला तिची पळी दिली!"

"हो. दिली."

"तू माझ्या बहिणीला मारलंस."

काका उभे राहिले. खाली बघून म्हणाले, "मला क्षमा करा."

ते वाक्य मी अजून विसरू शकत नाही. हायस्ट्रीटवर ताठ उभा राहणारा माणूस, पैठणीवाल्या बाईला दमवणारा माणूस, जे त्याने केलं नव्हतं त्यासाठी टोमॅटोच्या रोपांच्या वासात मान खाली घालून उभा. रोसाबाई रडायला लागल्या. ते रडणं मी ओळखू शकले नाही. त्यांनी क्षमा केली नाही. दार मात्र स्वतः उघडून धरलं. आम्ही फाटकापर्यंत पोचलो तेव्हा आतून त्यांचा आवाज आला, फोनवर, तिकडच्या बोलीत, मुलाशी किंवा मुलीशी, रडत आणि मोठमोठ्याने, अनेक वर्षं कोंडलेलं बोलावं तसं.

ब्लेचलीपर्यंतच्या छोट्या गाडीत मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. खिडकीतून वीटभट्ट्यांची धुराडी जात होती. शेवटी राहवलं नाही.

"ते चौघे जिंकले आज, काका. त्यांचं खोटं तुम्ही खरं करून आलात. स्वतःच्या तोंडाने."

"ते चौघे नव्हते तिथे."

"होते! त्यांनी म्हटलेला शब्द होता."

"तिथे एक बाई होती. सतरा वर्षांची." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "मी आजारी नव्हतो म्हटलं असतं, तर ती विचारणार, मग लुचियाला काय झालं? काय सांगू? टाक्याचं पाणी?"

"खरं ते खरं."

"तू लिही ना खरं. पण ती आहे तोवर नको. आणि माझं नाव घाल त्यात. 'आम्ही' नको लिहूस."

रोसाबाई गेल्याचं नीनोने कळवलं, म्हणून आता लिहिलं. काका त्यांच्या आधीच गेले. ते चूक वागले असं मी त्यांना सांगितलं होतं, आणि आजही मला तसंच वाटतं. जातीला आजार म्हणू देण्याचा हक्क एकट्या माणसाचा नसतो. तो आमच्या सगळ्यांचा सवाल होता. हे मी त्यांच्या शोकसभेतही म्हणणार होते. उभी राहिले आणि खाली बसले.

त्या दिवशी ब्लेचलीला गाडी बदलली. काका खिडकीशी बसले आणि बसल्याबसल्या झोपले. तोंड किंचित उघडं, नवे कापलेले केस काचेला चिकटलेले, हात मांडीवर उलटे. मी त्यांना झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. तिकीट बघायला माणूस आला, मी दोन्ही तिकिटं पुढे केली आणि ओठांवर बोट ठेवलं. मी अजून रागात होते. मनात पत्रक लिहीत होते, उद्गारचिन्हांसकट.

वॉटफर्ड आलं. दारं उघडली. लोक उतरले, लोक चढले. मी काकांच्या खांद्याकडे हात नेला आणि मागे घेतला. दारं लागली.

युस्टनला गाडी थांबली तेव्हा ते जागे झाले. बाहेर बघितलं, डोळे चोळले.

"हे कुठे आणलंस?"

"लंडनला. तुम्ही झोपला होतात."

"उठवायचं नाही?"

त्यांनी बाकावरची पिशवी उचलली, स्वेटर खाली ओढला आणि गर्दीत माझ्यापुढे चालू लागले, वॉटफर्डची गाडी कुठून सुटते ते बघायला.